हर्मीसच्या कानात

मिर्तोनं पाचही दिवे पेटवले, धुपाचा खडा निखाऱ्यावर टाकला आणि वळून सगळ्या बाजारावर नजर फिरवली. आपल्याकडे कोण कोण बघतंय, ते तिला आधी बघून घ्यायचं होतं.

मासळीवाला फळी धूत होता. कांदेवाली पोत्याचं तोंड शिवत होती. दोघांनाही आपापल्या कामात एकाएकी फार रस आला होता. तिचा भाऊ लिकोन मात्र खांबाला टेकून डाळिंब खात होता आणि सरळ तिच्याकडेच बघत होता. त्यानं हात हलवला. उरक लवकर, असा.

"तू लांब जा," मिर्तो ओरडली. "एकटीनं विचारायचं असतं."

"मी कुठं जवळ आहे? आणि कानातच सांगणार ना त्याच्या? मला थोडंच ऐकू येणार आहे!"

"दादा, जा म्हटलं ना."

तो चार पावलं मागं सरकला आणि दुसऱ्या खांबाला टेकला.

मिर्तोनं तांब्याचं नाणं देवाच्या उजव्या बाजूच्या वेदीवर ठेवलं. फाराय गावच्या बाजारात मधोमध उभा असलेला हा हर्मीस म्हणजे एक चौकोनी दगड, वर दाढीवालं डोकं. त्याला देऊळ नाही की पुजारी नाही. संध्याकाळी यायचं, दिवे लावायचे, त्याच्या कानात प्रश्न सांगायचा. मग दोन्ही हातांनी कान गच्च झाकायचे आणि बाजाराबाहेर चालत जायचं. बाजाराच्या हद्दीचा दगड ओलांडला की हात काढायचे. माणसाचा पहिला जो आवाज कानावर पडेल, तो मग कोणाचाही असो, ते देवाचं उत्तर.

गावालाही याची रीत पाळावी लागायची. कान झाकलेलं माणूस येताना दिसलं, की आपलं चालू असलेलं बोलणं तोडायचं नाही. गप्प बसायचं नाही, विषय बदलायचा नाही. उवांबद्दल बोलत असाल तर उवांबद्दलच बोलत राहायचं. बाकीचं देव बघेल.

पण देवाआधी माणसंच काय काय बघून ठेवतात, हे मिर्तोला चांगलं माहीत होतं.

तिचा नवरा आगेलास तीन वर्षांपूर्वी एका सरदाराच्या पथकात भाड्याचा सैनिक म्हणून समुद्रापार गेला. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा निरोप आला होता, बरा आहे म्हणून. त्यानंतर काही नाही. आता लिकोन बहिणीला न्यायला आला होता. दिमे गावात त्यानं एक तागाचा व्यापारी बघून ठेवला होता. बायको वारलेली, दोन मुलगे मोठे, घराला वरचा मजला. सासू म्हणत होती, माझा मुलगा येणार आहे, सून कुठंही जाणार नाही. तीन दिवस अंगणात भांडण चाललं. शेजारचे लोक भिंतीवर चढून अंजीर खात खात ऐकत होते. चौथ्या दिवशी सासूच म्हणाली, हर्मीसला विचारू दे तिला. तो सांगेल तसं.

आणि लिकोन लगेच कबूल झाला.

तेव्हाच मिर्तोच्या मनात पाल चुकचुकली. कशालाच लगेच कबूल होणारा तिचा भाऊ नव्हता. आणि देवाला काही विचारायला सांगणारी तिची सासू नव्हती.

दुपारी ती पाणी आणायला गेली, ते डोळे उघडे ठेवूनच. बाजारातून तीन वाटा निघतात. पात्राय गावाकडच्या वेशीपाशी लिकोन त्याच्या गाडीवानाला दारू पाजत होता आणि दोघं उगाचच मोठमोठ्यानं हसत होते. नदीच्या वेशीपाशी लोकर विंचरणारी नान्नो बसते. तिच्या टोपलीत बकरीच्या चीजचा एक अख्खा गोळा होता, अंजिराएवढा नाही की डाळिंबाएवढा नाही, चांगला डोक्याएवढा. तो मिर्तोनं स्वतः दाबून केला होता, त्यावर तिच्याच गाळणीची नक्षी उमटलेली होती. आठ दिवस सासूनं त्याला हात लावू दिला नव्हता.

म्हणजे एका वेशीवर भावाचं तोंड आणि दुसऱ्या वेशीवर सासूचं. एक म्हणणार जा, दुसरं म्हणणार थांब. देवाला बोलायला जागाच ठेवली नव्हती कोणी.

मिर्तो पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि दगडाच्या गार कानाला तोंड लावलं.

"आगेलास येणार आहे का? मी थांबू का जाऊ?" तिनं विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तूच सांग. दुसऱ्या कोणाला सांगायला लावू नकोस."

तिनं कान झाकले आणि निघाली.

आवाज गेल्यावर माणसं फार विचित्र दिसतात. नदीच्या वेशीपाशी नान्नो हातातली फणी तशीच धरून मान उंच करून बघत होती, तोंड अर्धं उघडं. पात्रायच्या वेशीपाशी गाडीवान गाडीवर चढून उभा होता. मिर्तोनं दोघांनाही नीट बघून घेतलं, आणि मग एकदम डावीकडं वळून तिसऱ्या वाटेनं, कुंभारांच्या गल्लीत शिरली. कोणी बाजारातून त्या बाजूला जात नाही. तिकडं राख आणि खापरांचे ढीग आहेत नुसते. मागून लिकोन धावत आला. तिच्यासमोर येऊन तो काहीतरी ओरडत होता, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसा. तिनं कान आणखी दाबले आणि त्याला कोपरानं ढकलून पुढं गेली. त्यानंतर तो आला नाही. गल्लीत एका माणसापुरतीच वाट होती आणि त्याचे जोडे नवे होते.

हद्दीचा दगड आला. तिनं तो ओलांडला. आणखी वीस पावलं मोजली, कारण दगडापाशीच कोणी दबा धरून बसलं असेल तर? मग एका भट्टीच्या भिंतीआड उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. मागं कोणी नव्हतं.

तिनं हात काढले.

आधी वारा. मग लांब कुठंतरी शेळीची घंटा. मग भिंतीपलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. कंटाळलेला, कामातला.

"चल, उचल आता. भट्टी थंड झाली. कितीही थांबलीस तरी तिच्यातून काही निघायचं नाही."

मिर्तो जागच्या जागी उभी राहिली. हात अजून कानांपासून वीतभर लांब, तसेच हवेत.

थांबू का, हे तिनंच विचारलं होतं. आणि हे कोणी पढवलेलं नव्हतं. या गल्लीत ती येणार, हे तिलाच घटकाभरापूर्वी ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं नाही. तीन वर्षं तिनं आगेलासचा चेहरा रोज एकदा आठवायचा नेम केला होता, आणि आता आठवायला गेली तर नुसती त्याची मान आठवत होती, पाठमोरी. तिनं भट्टीच्या भिंतीला हात टेकला.

आणि किंचाळून मागं घेतला.

तळहात लाल झाला होता. तिनं हाताकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. मग वर, जिथं भट्टीच्या तोंडातून धूर सरळ निघत होता.

भिंतीला वळसा घालून ती आत गेली. कुंभार एर्गिनोस भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, हातात सरपण. तिला बघून त्यानं ते सरपण पाठीमागं लपवलं. एवढा मोठा बाप्या माणूस.

"कोणाशी बोलत होतास?" मिर्तोनं विचारलं.

"मी? बायकोशी."

"कुठंय ती?"

एर्गिनोसनं इकडंतिकडं बघितलं, जणू बायको मडक्यांमागं असेल. "माहेरी गेलीय," तो म्हणाला.

"आणि भट्टी थंड झालीय."

आत एक मडकं तडकल्याचा आवाज आला.

"माझ्या भावानं काय दिलं तुला?"

"तुझा भाऊ कोण? तो नव्या जोड्यांचा? त्यानं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही."

"मग कोणी पढवलं?"

"हे बघ पोरी, मला देवाची भीती वाटते..."

"आता वाटते? मघाशी त्याच्या जागी बोलत होतास तेव्हा वाटली नाही?"

"वाटली. पण तिची जास्त वाटते." एर्गिनोसनं सरपण खाली ठेवलं. "माझ्या दोन्ही मुली थेआनो मावशीच्या हातांवर जन्मल्या. दुसरी तर पायाळू होती. तिला नाही कोण म्हणणार या गावात?"

मिर्तोला वाटलं, आपण अजून कान झाकूनच उभ्या आहोत.

"सासूनं? माझ्या सासूनं तुला हे बोलायला सांगितलं?"

"परवा आली होती. काठी टेकत टेकत. म्हणाली, ती दोन्ही वेशींवर माणसं बघेल आणि इकडून येईल. मी म्हटलं, नाही आली तर? म्हणाली, येणार. संशयी आहे."

"आणि नान्नोला चीज दिलं ते?"

"ते तुला दिसावं म्हणून." एर्गिनोसला जरा हुशारी आली. "वाक्य तीनदा घोकून घेतलं माझ्याकडून. 'थंड' वर जोर दे म्हणाली. मी दिला होता ना?"

मिर्तो बाहेर पडली.

ती पात्रायच्या वेशीवरूनच घरी गेली. आता तिथून गेलं काय आणि न गेलं काय. गाडीवानानं तिला बघितलं, तिचे कान उघडे आहेत हेही बघितलं, आणि तरी पढवलेलं वाया जाऊ नये म्हणून गाडीवरून ओरडलाच, "दिमे! दिमेला जाणाऱ्यांनी उशीर करू नये!" मासळीवाला पोट धरून हसला.

चालता चालता मिर्तो सगळं जुळवत होती. गेल्या महिन्यात म्हातारीनं मागावरून तिला उठवलं होतं, हे मी विणते म्हणून. कोंबड्या स्वतः सोडायला लागली होती. परवा तर विहिरीवर गेली, अर्धी घागर सांडत आली, पण आणली. मिर्तोला वाटलं होतं, म्हातारीला दया आली. दया कसली? सुनेवाचून घर चालतं का, याची तालीम चालली होती. अंगणात तीन दिवस ओरडत होती, सून जाणार नाही, सून जाणार नाही, सगळं गाव साक्षीला ठेवून. आणि पाठीमागून हाकलायची तयारी. उद्या बहिणीची ती लाडाची नात आणून ठेवेल घरात. नाहीतर गावात सांगेल, मी धरून ठेवत होते हो, देवानंच नेली.

घरी थेआनो चुलीपुढं बसून सूत कातत होती. तिनं वर बघितलं नाही.

"आलीस? भाकऱ्या झाकून ठेवल्यात."

"आत्याबाई, भट्टी तापलेली होती."

चाती फिरायची थांबली.

"चुकलं ते," मिर्तो म्हणाली. "एवढं सगळं जुळवलंत, चीजचा गोळा घालवलात, पण भट्टी थंड आहे का तेवढं बघायचं राहिलं. हात भाजला माझा."

"बघू."

"काही नको बघायला! मी जड झाले होते तर तोंडावर सांगायचं होतं. एवढी वर्षं बोलताय ना तोंडावर? मी मीठ जास्त टाकते, मी दार आपटते, माझ्या हाताला वळण नाही. मग हेच तेवढं कुंभाराच्या तोंडून का?"

"कारण माझ्या तोंडून निघत नाही," थेआनो म्हणाली.

ती उठली, तेलाचा बुधला आणला आणि मिर्तोचा हात ओढून घेतला. मिर्तोनं ओढू दिला, पण मूठ उघडली नाही. म्हातारीनं एक एक बोट सोडवलं. पोरं बाहेर काढणाऱ्या बाईची बोटं होती ती.

"वसंतात मी पण विचारून आले होते," तेल लावता लावता ती म्हणाली. "तू शेतावर गेली होतीस."

"कोणाला?"

"त्यालाच. दगडाला. मुलगा येणार का म्हणून. मी काही तुझ्यासारख्या वाटा शोधल्या नाहीत. मोठ्या रस्त्यानं गेले, भर माणसांतून. दगड ओलांडला, कान उघडले. आणि सगळे गप्प."

"गप्प?"

"सगळा रस्ता. एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या त्या दोघी तेलवाल्या, त्यासुद्धा. मला बघितलं आणि तोंडं मिटली. माझ्या पोराचं काय झालं, ते कोणालाच आपल्या जिभेवर घ्यायचं नव्हतं. सगळी माझ्याच हातांवर जन्मलेली माणसं. मी नदीपर्यंत चालत गेले, परत आले. कोणी बोललं नाही. त्यांना वाटलं, आपण म्हातारीवर दया करतोय."

"मग उत्तर मिळालंच नाही," मिर्तो म्हणाली. "कोणी बोललंच नाही, तर उत्तर कुठलं?"

थेआनोनं बुधल्याला बूच लावलं.

"आत्याबाई? पहिला आवाज कोणाचा आला मग?"

"जाऊ दे."

"कोणाचा?"

"घरी आले. तू शेतावरून आली होतीस, दारात उभी होतीस." म्हातारी चातीवरचं सूत नीट करायला लागली, ते नीटच होतं. "म्हणालीस, दार लावून घेते, आता कोण यायचंय."

मिर्तोला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

"मी ते रोज म्हणते!"

"माहितीय."

"रोज संध्याकाळी म्हणते! त्याला काय अर्थ आहे? कोंबड्या आत आल्या की दार लावताना म्हणते मी ते!"

"त्या दिवशीही म्हणालीस."

"मग तुम्ही... इतके महिने..." मिर्तो खाली बसली. म्हातारी इतके महिने तिच्या हातची भाकरी खात होती, तिच्याशी मिठावरून भांडत होती, आणि रोज संध्याकाळी तेच वाक्य पुन्हा ऐकत होती. एकदासुद्धा म्हणाली नव्हती, असं बोलू नकोस.

"तो देव नव्हता," मिर्तो म्हणाली. "ती मी होते. मला काय कळतंय?"

"असेल."

"एर्गिनोसला तुम्ही पढवलंत, मला कोणी पढवलं होतं?"

"तेच तर," थेआनो म्हणाली. "तुला कोणीच पढवलं नव्हतं."

बाहेर नव्या जोड्यांचा आवाज आला. लिकोन दार न वाजवताच आत घुसला. घामानं भिजला होता. दारामागं शेजारच्या चार-पाच जणी येऊन उभ्या राहिल्या, एकीच्या कडेवर पोर, एकीच्या हातात लाटणं.

"पळून कुठं गेलीस गं?" लिकोन ओरडला. "अख्ख्या गावात हसं केलंस. बोल, काय ऐकलंस?"

थेआनो चातीकडंच बघत होती. पण चाती फिरत नव्हती.

मिर्तोनं तिच्याकडं बघितलं. एक शब्द, की गाडीत बसता येत होतं. एक वेगळा शब्द, की या चुलीपुढं आयुष्यभर. दोन्ही शब्दांवर देवाचं नाव घालता येत होतं आणि दारातल्या सगळ्या जणींनी माना डोलावल्या असत्या.

"ऐकलं ते माझ्यापाशी," ती म्हणाली. "हिवाळा जाऊ दे. समुद्र उघडला, की पहिली गलबतं येतील. त्यांना विचारू. मग तू ये, आणि तुझ्या त्या तागवाल्याला घेऊन ये. मी आधी त्याला बघीन, मग सांगेन."

"तू बघणार? तू?" लिकोन हसला. "हे हर्मीस म्हणाला का?"

"नाही. हे मी म्हणतेय."

कडेवरचं पोर तेवढं गुणगुणत होतं.

"तुला उचलून गाडीत टाकायचा हक्क आहे मला."

"आहे ना. टाक." मिर्तो उठून त्याच्यासमोर उभी राहिली. तेलानं चकाकणारा हात तिनं पोटाशी धरला होता. "पण मी ओरडणार. आणि दिमेपर्यंत ओरडणार. तुझा तागवाला बहिरा असेल तर घेऊन चल."

लाटणंवाली फसकन हसली. लिकोननं तिच्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. त्याचा हात एकदा पुढं आला आणि नुसता कमरपट्ट्याशी जाऊन थांबला. मग कोणावर तरी काढायचाच म्हणून तो म्हातारीकडं वळला.

"हे सगळं तूच शिकवलंस हिला, थेरडे. माझी बहीण अशी नव्हती. तू आपल्या सोयीसाठी तिला बांधून ठेवतेस."

थेआनोनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे ओले होते की धुरानं लाल, ते दारातून कोणाला दिसलं नसतं.

"माझं ऐकलं असतं ना, बाबा," ती म्हणाली, "तर ती आत्ता तुझ्या गाडीत बसलेली असती."

लिकोनला तो टोमणाच वाटला.